पोर्ट उघडणे
घरच्या राऊटरमधून इंटरनेटला आतल्या एका ठरावीक उपकरणापर्यंत वाट देण्याची क्रिया. पोर्ट क्रमांक ० ते ६५५३५ असतो. १९९४ मध्ये मांडलेल्या पत्ता-रूपांतरामुळे (पाहा : आयपी पत्ता) अनेक उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आली, बाहेरची जोडणी त्यामुळे राऊटरपाशीच थांबते.

ब्रह्मपुरीतील दुकानाचा सीसीटीव्ही नागपूरहून पाहायचा, तर डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) १९२.१६८.१.५० असा कायम अंतर्गत पत्ता देऊन त्याला लागणारे तेवढेच पोर्ट उघडतात. मूळ पासवर्ड आधी बदलणे अत्यावश्यक : २०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी यूपीएनपी सुविधा बंद ठेवावी. विंडोजमधील फाइल-सामायिकीकरणाचे ४४५ हे पोर्ट तर उघडूच नये. ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा मालवेअर (२०१७) त्यातूनच पसरला.

सेवादाराने सामायिक पत्ता दिला असल्यास पोर्ट उघडूनही जोडणी होत नाही (पाहा : व्हीपीएन).