सर्व्हरच्या दारावरची नोंदवही

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८६ साली संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली. रक्कम क्षुल्लक होती. परंतु क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने तिचा छडा लावायचे ठरवले. कुणी तरी चोरवाटेने युनिक्स संगणकात शिरत असल्याचे लक्षात येताच त्यांनी बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांना प्रिंटर जोडले. घुसखोर टंकत असलेले प्रत्येक अक्षर कागदावर उमटू लागले आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नाही. हा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोचला. सोव्हिएत गुप्तहेर खात्याला माहिती विकणारी टोळी त्यातून उघडकीस आली.

युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्स प्रणालीवर आज असंख्य बँका, कचेऱ्या आणि संकेतस्थळांचे सर्व्हर चालतात. तेथे कोण आले, कधी आले आणि त्यांनी काय केले, हे टिपण्याची सोय प्रणालीतच असते. मात्र ही नोंदवही कशी ठेवली जाते, यावरच तिचे मोल ठरते.

कोणती नोंद कुठे?

लिनक्समधील बहुतेक नोंदी ‘व्हार’ डिरेक्टरीतील ‘लॉग’ या कप्प्यात साठतात. प्रवेशाच्या नोंदी डेबियन व उबुंटू परिवारात ‘ऑथ.लॉग’ या फाइलमध्ये, तर रेड हॅट परिवारात ‘सिक्युअर’ या फाइलमध्ये जातात. दूरस्थ प्रवेशासाठी वापरली जाणारी ‘एसएसएच’ सेवा येणाऱ्याचे नाव, त्याचा आयपी पत्ता, वेळ आणि पासवर्ड वापरला की किल्ली, हे सारे नोंदवते. यशस्वी प्रवेशांची यादी ‘लास्ट’ या आज्ञेने, तर फसलेल्या प्रयत्नांची ‘लास्टबी’ने पाहता येते. या यादीची जुनी रचना सन २०३८ नंतरची वेळ नोंदवू शकत नसल्याने काही नव्या आवृत्त्यांत त्यांची जागा दुसऱ्या साधनांनी घेतली आहे. संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची नोंद मात्र अपाचीसारखा वेब सर्व्हर स्वतःच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतो.

फसलेल्या प्रयत्नांची फाइल सर्वांना वाचता येईल अशी ठेवू नये. घाईत नावाच्या जागी पासवर्ड टंकणारे अनेक असतात आणि तो तेथे जसाच्या तसा उमटतो.

प्रत्येकाचे खाते वेगळे

पाच जण ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा एकच पासवर्ड वापरत असतील, तर नोंदवहीत पाचही वेळा ‘रूट’ एवढेच लिहिले जाते. महत्त्वाची फाइल नाहीशी झाल्यास दोषी सापडत नाही आणि निर्दोष असलेल्यांवरही संशय राहतो. म्हणून रूटचा थेट दूरस्थ प्रवेश बंद करावा. प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे आणि विशेष अधिकार ‘सुडो’ या आज्ञेमार्फतच वापरू द्यावेत. सुडो प्रत्येक आज्ञेबरोबर ती देणाऱ्याचे नाव नोंदवते. याहून बारीक पाळत हवी असल्यास ‘ऑडिटडी’ ही सेवा आहे. प्रवेशाच्या वेळी व्यक्तीला मिळालेला ओळखक्रमांक पुढे खाते बदलले तरी तिच्या नोंदीत कायम राहतो. पासवर्डच्या फाइलला कुणी हात लावला, हेही ती सांगू शकते.

घड्याळ आणि मुदत

दोन सर्व्हरच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असेल, तर घटनांचा क्रमच उलटा लागतो. त्यासाठी ‘क्रोनी’सारख्या सेवेने घड्याळ सतत जुळवून घ्यावे. नोंदी भारतीय वेळेत आहेत की जागतिक प्रमाणवेळेत, हेही ठरवून ठेवावे. साडेपाच तासांचा घोळ तपासात महागात पडतो.

जुन्या नोंदींची विल्हेवाट ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्राम लावतो. दर आठवड्याला नवी फाइल उघडायची आणि जुन्या चारच ठेवायच्या, ही त्याची प्रचलित मांडणी. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार मात्र कंपन्या व संस्थांनी नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत तिची माहिती देणे बंधनकारक आहे. मांडणी बदलली नाही, तर चौकशी सुरू होईपर्यंत पुरावा पुसला गेलेला असतो.

वही चोराच्या हाती नको

रूटचे अधिकार मिळवलेला घुसखोर बहुधा आधी आपल्या पाऊलखुणा पुसतो. नोंदवही त्याच यंत्रावर असेल, तर त्याला अडवणारे कुणी नसते. यावर उपाय एकच : प्रत्येक नोंद त्याच क्षणी दुसऱ्या यंत्राकडे रवाना करणे. ‘आरसिसलॉग’च्या मांडणीत त्यासाठी एखाददुसरी ओळ पुरते. नोंदी पोचल्याची खात्री देणारी टीसीपी पद्धत व सांकेतिकीकरण वापरल्यास वाटेतली गळती व चोरी टळते. दुसऱ्या यंत्राची किल्ली मात्र पहिल्याच्या व्यवस्थापकाकडे नसावी.

एवढे करूनही नोंदी कुणी वाचतच नसेल, तर सारे व्यर्थ. मध्यरात्रीचा अनोळखी प्रवेश किंवा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे अचानक जागे झालेले खाते रोजच्या पाच मिनिटांच्या नजरेतही खटकते. बर्कलेतही ७५ सेंटचा फरक सोडून देता आला असता. तो कुणी तरी सोडला नाही, म्हणूनच चोर सापडला.