न्यूमोनिया आणि चार तासांचं घड्याळ

न्यूमोनियाच्या रुग्णाला इमर्जन्सी विभागात अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वेळात मिळाला, हे मोजणं अगदी सोपं. येण्याची वेळ, डोसची वेळ, वजाबाकी. याच वजाबाकीने अमेरिकेतल्या डॉक्टरांना काही वर्षं चांगलंच पळवलं. उपचार सगळीकडे एकसारखे व्हावेत म्हणून नियम कसे बनतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यातलं हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं.

१९९७ मध्ये मेडिकेअरच्या (म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) सुमारे चौदा हजार रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये ३० दिवसांतले मृत्यू कमी दिसले. २००४ च्या अशाच एका अभ्यासात चार तासांची रेघ ओढली गेली. फरक किती? मृत्यूचं प्रमाण रेघेच्या आत ११.६ टक्के, बाहेर १२.७.

आता जरा थांबा. हा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नव्हता. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला की कधी ताप नसतो, खोकलाही नसतो. नुसतं असंबद्ध बोलणं. निदानाला उशीर, म्हणून औषधालाही. मग मृत्यू उशिरामुळे झाला, की दुखणंच मुळात वेगळं होतं? नोंदी चाळून हे ठरवणं अवघड.

तरी चार तास हा गुणवत्तेचा निकष झाला आणि हॉस्पिटलांचे आकडे जाहीर होऊ लागले. खरी गोम मोजण्याच्या पद्धतीत होती. हिशेबात धरायचे ते फक्त शेवटी न्यूमोनियाचं निदान ठरलेले रुग्ण. हृदय कमजोर झाल्यामुळे धाप लागलेल्या आजींना उगाच अँटिबायोटिक दिलं, तर या हिशेबात ते कुठेच दिसत नाही. खऱ्या न्यूमोनियाला पाचवा तास लागला, की मात्र गुण गेले! तुम्ही ड्यूटीवर असता तर काय केलं असतं? शंका आली की आधी डोस, एक्स-रे मागाहून.

झालंही तसंच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आठ तासांच्या आणि चार तासांच्या नियमाखालचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. न्यूमोनिया म्हणून भरती झालेल्यांपैकी अखेरीस न्यूमोनियाच निघालेले ७६ टक्क्यांवरून ५९ वर आले होते.

त्याच वर्षी तिथल्या संसर्गरोग आणि छातीरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तासांचा आकडाच नव्हता. पहिला डोस इमर्जन्सीत असतानाच द्यावा, एवढंच. सरकारी निकष आधी सहा तासांपर्यंत सैल झाला, पुढे यादीतूनच गेला.

एकसारखेपणाचा प्रयत्न मात्र थांबला नाही. युटाहमध्ये २०११ पासून चार हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत एक संगणकप्रणाली वापरात आली. हा न्यूमोनिया असण्याची शक्यता किती, हे ती आधी सांगते. मग आजाराची तीव्रता, मग औषध. आणि डॉक्टरांना तो सल्ला नाकारता येतो. तिच्याबद्दल पुढच्या लेखात.