चाकावरचा नंदी

आमच्या घरच्या नंदीचं डावं शिंग मागच्या पोळ्याला निखळलं. परत बसवायचं म्हणून खोबणीभोवतीचा जुना रंग पॉलिश पेपरनं घासायला घेतला, तर एकाखालून एक थर निघत गेले. वर पुतणीनं दिलेला पांढरा ऑइल पेंट, त्याखाली बोटभर जागेत निळा, त्याखाली काकांच्या वेळचा पिवळा, आणि सगळ्यात आत आजोबांनी लावलेली गेरू, सागाच्या रेषांमध्ये पार मुरलेली. निळा माझा. तो कुठून आला ते पुढे सांगतो.

नागपुरात नंदी म्हणजे लाकडी बैल. पाटावर उभा, पाटाला चार चाकं, पुढे ओढायला दोरी. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, पोरांचा तान्हा पोळा. तान्हं म्हणजे अंगावरचं दूध पिणारं मूल, म्हणजे नावातच हा सण कुणाचा ते आलं. सकाळी शहरात काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि दुपार कलली की गल्लीगल्लीतून चाकांची घरघर ऐकू यायला लागते. झूल, बाशिंग, घुंगरमाळा, शिंगांना बेगड. मोठ्यांच्या बैलाला जे जे असतं ते सगळं, वीतभर अंगावर. तोरणाखाली रांगेत उभं राहायचं, ते तुटलं की घरोघर नंदी न्यायचा. घरातली बाई नंदीच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. पूर्वी चार-आठ आणे असायचे, आता नोट असते.

पश्चिम महाराष्ट्रात पोळ्याला किंवा बेंदराला घरात मातीचे बैल पुजतात. ते सुंदरच असतात, पण मातीचा बैल सणापुरता. लाकडाचा नंदी मात्र माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी परत खाली येतो. म्हणूनच त्याला दरवर्षी नवं काहीतरी करावंसं वाटतं. सजवण्याचा हा नाद त्याच्या टिकण्यातून आलेला आहे असं मला वाटतं.

तान्हा पोळा सुरू केला तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी, 1806 साली, अशी नागपूरच्या भोसले घराण्याची परंपरा आहे. शेतकऱ्याच्या बैलासारखा बैल पोरांनाही मिरवता यावा म्हणून लाकडी बैल करवले गेले. हे साल मला नेहमी थांबवतं. त्याच्या तीनच वर्षं आधी, नोव्हेंबर 1803 मध्ये, अडगावच्या लढाईत इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. वऱ्हाड म्हणजे कापसाची काळी जमीन, बैलांचा मुलूख. तो हातचा गेलेल्या राजाचं नाव या शहरानं आज लक्षात ठेवलंय ते पोरांच्या लाकडी बैलासाठी. महालातला सीनियर भोसला पॅलेस अजून उभा आहे आणि तान्हा पोळ्याला तिथं राजघराण्याचा भला मोठा लाकडी बैल अजून सजतो.

पण चाकावर बैल ठेवायची कल्पना भोसल्यांच्याही फार आधीची. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एका झाडाच्या मुळाशी खोदताना ब्राँझच्या चार मूर्ती निघाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथाची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापानं साधारण एक हात. गेंडा आणि रेडा यांच्याही पायांखाली चाकं आहेत. या मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण बहुतेकांच्या मते त्या चारेक हजार वर्षांपूर्वीच्या. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर, म्हणजे पोरांनी अंगणात ओढायच्या त्या नव्हेत. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांच्या कामासाठी ओतलेल्या आहेत. तरी त्या बघताना माझं लक्ष पहिल्यांदा चाकांकडेच जातं. या मातीत जनावराला चाकं लावणारा कुणीतरी इतक्या मागे होऊन गेला, यानं अंगावर काटा येतो.

आमचा नंदी आजोबांनी आमच्याच वस्तीतल्या एका सुताराकडून करवला होता. ते सुतारबाबा मी लहान असताना हयात होते. पावसाळा लागला की त्यांच्या ओसरीवर बिनशिंगांचे, बिनकानांचे बैल ओळीनं उभे राहत. सागाचा ठोकळा घ्यायचा, करवतीनं पायांमधली जागा मोकळी करायची, पटाशीनं वशिंड आणि गळ्याखालची पोळी काढायची, मग काणस, मग पॉलिश पेपर. वशिंडावरून ते सारखा अंगठा फिरवून बघायचे. अंगठा कुठं अडला नाही की वशिंड झालं. शिंगं आणि कान वेगळे करून खोबणीत बसवायचे, कारण एकाच ठोकळ्यातून कोरली तर लाकडाची रेष आडवी जाते आणि पहिल्याच पडण्यात शिंग मोडतं. मी एकदा रंगाच्या आधीच शिंगं बसवायला निघालो तेव्हा म्हणाले, ‘‘आधी रंग, मंग शिंगं. घाई करशीन त दोनी बिघडन, बाबू.’’

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते 1986 मध्ये, एका प्लास्टिकच्या मोटारीपाशी.

मोठे मामा कामासाठी जपानला गेले होते, येताना त्यांनी 1:24 मापाची, आपण जोडायची मोटार आणली. डब्यात मोटार नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभरेक सुटे तुकडे, खऱ्या रबराची चार टायरं, पोलादी सळईचा आस, पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, आणि सोबत मामांनी वेगळी घेतलेली निळ्या रंगाची अंगठ्याएवढी बाटली. डब्यावर तामियाचं नाव होतं. शिझुओका शहरातली ही कंपनी 1946 साली लाकडाच्या वखारीतून उभी राहिली आणि आधी लाकडी मॉडेलं करायची, हे मला फार नंतर वाचायला मिळालं, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती सुतारबाबांची ओसरी.

या प्लास्टिकच्या जोडखेळण्याचं कूळ शोधत गेलं तर वाट शेतात येते. इंग्लंडमध्ये एअरफिक्स नावाची कंपनी कंगवे आणि रबरी खेळणी करायची. 1949 साली तिला फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करायचं काम मिळालं, फर्ग्युसनच्या विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी. हातानं जोडून देणं महाग पडायला लागलं, तेव्हा तुकडे सुटेच विकायला काढले, जोडायचं ते घेणाऱ्यानं जोडावं. एअरफिक्सचं पहिलं जोडखेळणं ते हेच. अमेरिकेतही तीच गत. 1948 मध्ये सुरू झालेली एएमटी आधी मोटारींच्या शोरूमसाठी छोट्या मोटारी करायची. 1958 साली तिनं एकाच डब्यात तीन तऱ्हांचे तुकडे दिले: जशी कारखान्यातून निघाली तशी जोडा, शर्यतीची करा, नाहीतर आपल्या मनासारखी नटवा. ऐंशीच्या दशकात जगभर पोरं जो उद्योग करत होती, छप्पर कापून खाली घ्यायचं, एका डब्यातलं इंजिन दुसऱ्यात बसवायचं, त्याचा धागा त्या तिसऱ्या तऱ्हेपर्यंत जातो.

म्हणजे तिकडे आधी ट्रॅक्टर लहान झाला, इकडे बैल. आणि त्याच फर्ग्युसनचं नाव लावलेले मॅसी फर्ग्युसन 1960 नंतर मद्रासच्या टॅफे कंपनीकडून निघू लागले आणि विदर्भाच्या शेतातही आले. आज पोळ्याच्या तोरणाखाली खऱ्या जोड्या दरवर्षी कमी होताना मी बघतो. नंदी मात्र कमी झाले नाहीत. उलट फायबरचे, थर्माकोलचे, माणसाच्या उंचीचे आले.

माझी मोटार कधी पूर्ण झाली नाही. डब्यासोबतची गोंदाची नळी प्रवासात सुकली होती, आणि सुतारकामाचा पांढरा डिंक त्या प्लास्टिकला धरत नाही. त्याचा खरा गोंद प्लास्टिकचं तोंड किंचित विरघळवून दोन तुकड्यांचा एक करतो. तसला आम्हाला गावात मिळाला नाही. आठवडाभरानं छप्पर निसटलं, मग दारं. मी खूप रडलो. त्या वर्षी तान्हा पोळा जवळ आला तेव्हा नंदीचं एक लाकडी चाकही चिरलेलं निघालं, आणि मी मोटारीची चारही टायरं घेऊन सुतारबाबांकडे गेलो. त्यांनी पोलादी आस बोटात फिरवून बघितला, पाटाला खालून खाचा मारल्या, सळई बसवली, दोन्ही टोकांना जुन्या पट्ट्याच्या चामड्याचे वायसर घातले. नंदी आवाज न करता चालायला लागला. घरघर गेली म्हणून आजी हळहळली. उरलेला निळा रंग शिंगांच्या बुडाशीच पुरला.

पुढे रबर कडक होऊन फुटलं, आता चाकं परत लाकडाची आहेत. आस मात्र तोच आहे, तेल सोडलं की अजून फिरतो.

मागच्या वर्षी उरलेल्या जागेत पॉलिश पेपर मी निळ्यापाशीच थांबवला. शिंग बसवलं, भोवती बोटभर जागा तशीच उघडी ठेवली. पुतणीला ते पसंत नाही. काका, असा अर्धवट कसा न्यायचा, म्हणते. यंदा तिनं हिरवा आणलाय. मी तिला एवढंच सांगितलं की उजवं शिंगही सैल आहे, ते काढून ठेव, आधी रंग दे.