उकिरड्यात सापडलेला कौल

संताचे चरित्र बहुधा संताच्या मागे कितीतरी वर्षांनी लिहिले जाते. तोवर चमत्कारांना भरपूर पालवी फुटलेली असते. संताने काय केले, ते अशी चरित्रे रंगवून सांगतात. पण सामान्य माणूस त्या संताच्या दारी काय मागावयास जात होता, हे त्यांतून नेमके कळत नाही. त्यासाठी इतिहासकाराला उकिरडे उकरावे लागतात.

कैरोच्या दक्षिणेस सुमारे १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचे नगर होते. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे ऑक्सफर्डचे दोन तरुण विद्वान तेथे गेले आणि गावाबाहेरचे केरकचऱ्याचे ढीग उपसू लागले. त्या भागात पाऊस जवळजवळ नाहीच. त्यामुळे पपायरसवर, म्हणजे पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून केलेल्या कागदावर, लिहिलेले हिशेब, पत्रे आणि अर्ज शतकानुशतके वाळूत टिकून राहिले होते.

त्यांत इ. स. ५३५-५३६ मधली एक यादी आहे. कोणत्या दिवशी नगरातील कोणत्या चर्चमध्ये उपासना व्हावयाची, याची ती नोंद. सेरेनस, युफेमिया, जस्टस, फिलोक्सेनस अशा संतांची नावे तीत आहेत. संतांचे दिवस पाळणारे सबंध गावच या कोरड्या यादीतून उभे राहते.

परंतु त्याहून बोलक्या आहेत त्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या लहानशा चिठ्ठ्या. एकीत फिलोक्सेनसच्या देवाला विचारले आहे, की अनूपला तुझ्या इस्पितळात आणावे अशी तुझी आज्ञा असेल, तर ही चिठ्ठी बाहेर येऊ दे. दुसरीत कोणी एक जण विचारतो, की पेढीविषयी आणि वजनकाट्याच्या कचेरीविषयी मी बोलू नये अशी इच्छा असेल, तर हीच चिठ्ठी मला मिळावी. त्याच हस्ताक्षरातली, पण उलट अर्थाची तिसरी चिठ्ठी वेगळ्या संग्रहात होती. १९७५ साली हर्बर्ट यूटी या विद्वानाने त्या दोघींची जोडी जुळवली. होकाराची एक, नकाराची एक. जी हाती येईल तो कौल!

ही रीत ख्रिस्ती धर्माने आणलेली नव्हे. त्याच नगरात पूर्वी सेरापिस देवापुढे असेच प्रश्न लिहून ठेवीत. अनूप हे नावदेखील अनुबिस या जुन्या देवाचे. हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी भविष्य विचारणाऱ्यांवर अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने चौथ्या शतकातच कोरडे ओढले होते. त्यानंतर दोनशे वर्षांनीही लोक विचारीतच होते.

मग ही केवळ जुन्याच देवांची नवी नावे म्हणावयाची काय? तसे म्हणणे घाईचे होईल. चिठ्ठी लिहिणारा आवाहन करतो ते देवाला. फिलोक्सेनस हा त्याचा कैवारी. शिवाय संताच्या नावाने तेथे इस्पितळ चालत होते. कौल जुना, पण ज्या दारी तो लावावयाचा, तेथे आता रोग्याला खाटही मिळत होती.

अनूप बरा झाला की नाही, हे चिठ्ठी सांगत नाही. चरित्रकाराच्या हाती तो लागता, तर खडखडीत बरा होऊन चालू लागला असता. पपायरसवर मात्र निर्णय न सुचलेल्या आप्तांची काळजी तेवढी उरली आहे; आणि संतभक्तीचा याहून विश्वासार्ह पुरावा दुसरा कोणता असणार?