पडद्यावरचे छोटे घर आणि माळावरची जमीन

१९८४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील एन.बी.सी. या दूरचित्रवाणी संस्थेच्या प्रेक्षकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. ज्या गावाचे रस्ते, दुकान आणि लाकडाची गिरणी गेली दहा वर्षे त्यांच्या ओळखीची झाली होती, ते वॉलनट ग्रोव्ह नावाचे गाव तेथील रहिवाशांनीच सुरुंग लावून उडवून दिले. एकामागून एक इमारती कोसळल्या. जिथे रविवारी प्रार्थना आणि इतर दिवशी शाळा भरत असे ती इमारत व गावाबाहेरचे ते छोटे घर एवढेच मागे उरले. कथेतील कारण असे होते की, गावाखालची सारी जमीन कायद्याने एका धनाढ्य उद्योगपतीच्या मालकीची असल्याचे उघडकीस आले होते. आपण बांधलेले गाव त्याच्या हाती जाण्यापेक्षा त्याची माती झालेली बरी, असे गावकऱ्यांनी ठरवले. पडद्यामागचे कारण याहून साधे होते. चित्रीकरणासाठी कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅलीजवळची जमीन घेतलेली होती आणि काम संपल्यावर ती पूर्ववत करून परत द्यावयाची होती.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या मालिकेचा हा निरोप होता. कथेतले गाव परक्या जमिनीवर उभे होते आणि चित्रीकरणासाठी उभारलेले गावही परक्याच जमिनीवर होते. एवढेच नव्हे, तर ज्या खऱ्या इंगल्स कुटुंबावरून ही मालिका रचली गेली, त्यांचे प्रेअरीवरचे पहिले घरही दुसऱ्यांच्याच जमिनीवर बांधलेले होते. साध्या, स्वावलंबी जीवनाचे चित्र रंगवणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांचा इतिहास पाहू जाता, हा जमिनीचा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो.

श्रोतेहो, ‘होमस्टेड’ म्हणजे राहते घर आणि त्याभोवतीची स्वतः कसावयाची जमीन. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याचे नावच होमस्टेड कायदा असे आहे. एकवीस वर्षांवरील अथवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला, मग ती अविवाहित स्त्री असो वा नागरिकत्वाची इच्छा जाहीर केलेला परदेशी असो, १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता येई. पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन लागवडीस आणावी, मग दोन साक्षीदारांनिशी ते सिद्ध करून मालकीपत्र घ्यावे, अशी व्यवस्था होती. सरकारी शुल्क नाममात्र होते. या कायद्यान्वये सुमारे १६ लाख मालकीपत्रे देण्यात आली आणि जवळजवळ २७ कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या एकूण क्षेत्रफळाचा सुमारे दहावा भाग, खाजगी मालकीची झाली. १९७६ साली कायदा रद्द झाला. अलास्कात मात्र तो १९८६ पर्यंत चालू राहिला.

ही झाली कागदावरची बाजू. जमीन स्वस्तात मिळाली तरी नांगर, बैल, बियाणे, विहीर आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे अन्न यांना पैसा लागे. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात १६० एकरांवर कुटुंब पोसणे कठीण आहे, असा इशारा जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात दिला होता. तथापि जमिनी विकावयास बसलेल्या रेल्वे कंपन्यांच्या जाहिरातींपुढे तो इशारा फिका पडला. दावा सांगणाऱ्यांपैकी किती जणांच्या हाती अखेर मालकीपत्र पडले, याविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे. परंतु अर्ध्या वाटेवर जमीन सोडून गेलेल्यांची संख्या फार मोठी होती, याविषयी वाद नाही.

इंगल्स कुटुंबाची हकिगत या दृष्टीने बोधप्रद आहे. लॉरा इंगल्स हिचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन गावाजवळ झाला. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील चार्ल्स इंगल्स कॅन्सस राज्यात इंडिपेंडन्स गावाजवळ जाऊन राहिले. ती जमीन होमस्टेड कायद्याखाली येतच नव्हती. ओसेज या आदिवासी लोकांसाठी ती राखून ठेवलेली होती. चार्ल्स इंगल्स यांच्यासारखे हजारो वसाहतवाले त्या जमिनीत परवानगीवाचून घुसले होते. या रेट्यापुढे ओसेजांनी १८७० साली कॅन्ससमधील जमीन विकण्यास संमती दिली आणि ते दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमात गेले. तेथील नवी जमीन त्यांनी जुनी जमीन विकून आलेल्या पैशातून विकत घेतली. इंगल्स कुटुंबही तेथे टिकले नाही. विस्कॉन्सिनमधील त्यांच्या जुन्या घराचा खरेदीदार पैसे भरू शकला नाही, आणि १८७१ साली ते मूळ गावी परतले.

पुढे १८७४ साली ते मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हजवळ ओढ्याच्या काठी खोदलेल्या मातीच्या घरात राहू लागले. त्या वर्षांत मिनेसोटावर भयंकर टोळधाडी आल्या. उभे पीक गेले आणि जमिनीत घातलेल्या अंड्यांतून पुढल्या वर्षीची धाड निपजली. १८७५ च्या अखेरीस चार्ल्स इंगल्स यांना, आपल्याजवळ काहीही साधन उरलेले नाही, असे लिहून देऊन राज्य सरकारकडून पीठ घ्यावे लागले. १८७६ साली जमीन विकून कुटुंब आयोवा राज्यात एका खाणावळवजा हॉटेलात काम करावयास निघाले. वाटेत त्यांचा नऊ महिन्यांचा एकुलता मुलगा दगावला. १८७९ साली थोरली मुलगी मेरी हिची दृष्टी गेली. त्यानंतर डाकोटात डी स्मेट गावाजवळ चार्ल्स यांनी होमस्टेडचा दावा सांगितला. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फाने आगगाड्या कित्येक आठवडे बंद पडल्या. माणसांनी गवताचे पीळ करून चुली पेटवल्या आणि कॉफी दळण्याच्या यंत्रात गहू भरडून भूक भागवली. जमिनीचे मालकीपत्र अखेर मिळाले, पण काही वर्षांतच कुटुंब शेती सोडून गावात राहावयास गेले.

हे सारे भोगलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे पहिले पुस्तक १९३२ साली, त्यांच्या वयाच्या पासष्टाव्या वर्षी निघाले. ते दिवस जागतिक मंदीचे होते. लक्षावधी लोक सरकारी मदतीच्या रांगेत उभे असताना, कोणापुढेही हात न पसरता जगलेल्या कुटुंबाची कथा वाचकांना दिलासा देऊन गेली. लॉराबाईंची कन्या रोझ वाइल्डर लेन स्वतः नावाजलेली लेखिका होती आणि सरकारी साहाय्याच्या धोरणाची कट्टर विरोधक होती. पुस्तकांच्या मजकुरावर तिचा हात बराच फिरलेला आहे. या कथानकात हॉटेलातील वर्ष आले नाही, मेलेले बाळ आले नाही. अंध मेरीच्या आयोवातील शिक्षणाचा खर्च डाकोटाच्या सरकारने सोसला होता, तेही त्यात आले नाही. १९३५ च्या पुस्तकात एके ठिकाणी कॅन्ससच्या माळावर माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचे विधान राहून गेले होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतवाले’ असा अर्थ देणारा शब्द घालण्यात आला. एका शब्दाची ही दुरुस्ती व्हावयास अठरा वर्षे लागली.

दूरचित्रवाणीवर ही कथा आली ती ११ सप्टेंबर १९७४ रोजी. तिचा प्रारंभिक चित्रपट त्याच वर्षी मार्चमध्ये दाखवला गेला होता. अवघ्या महिन्यापूर्वी अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला होता. व्हिएतनामच्या युद्धाने समाज दुभंगला होता आणि १९७३ च्या तेलटंचाईने मोटारी पेट्रोलपंपांसमोर रांगेत उभ्या केल्या होत्या. मंदीच्या काळातील एका डोंगरी कुटुंबाची ‘द वॉल्टन्स’ ही मालिका १९७२ पासून सी.बी.एस. संस्थेवर लोकप्रिय होतीच. प्रेक्षकांना भूतकाळात जावयाचे होते. तो भूतकाळ किती खरा आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

पुस्तकांचे हक्क निर्माते एड फ्रेंडली यांनी मिळवले होते, आणि मालिका पुस्तकांशी प्रामाणिक राहावी असा त्यांचा आग्रह होता. चार्ल्सची भूमिका करणारे मायकेल लँडन यांचे मत निराळे होते. अखेर लँडन यांचाच शब्द चालला. परिणामी पडद्यावरचे कुटुंब मातीच्या बिळात राहिले नाही. त्यांना प्रारंभापासून लाकडी घर मिळाले. खरे कुटुंब सतत स्थलांतर करीत होते, पडद्यावरचे मात्र वर्षानुवर्षे वॉलनट ग्रोव्हलाच राहिले. खरी मेरी जन्मभर अविवाहित राहिली. पडद्यावरच्या मेरीला अंधशाळेतील शिक्षक पती मिळाला. दर आठवड्याला एखादे संकट येई आणि तासाभरात त्याचा निकाल लागे.

तरीही लँडन यांच्या मालिकेला सरसकट खोटी म्हणणे न्यायाचे होणार नाही. जे बाळ पुस्तकांनी गाळले होते, ते मालिकेने परत आणले. १९७४ च्या डिसेंबरमधील एका दीर्घ भागात ते बाळ दगावते आणि त्याबद्दल स्वतःला दोषी मानणारी लॉरा देवाशी बोलण्यासाठी डोंगरावर निघून जाते. शिवाय या मालिकेतील चार्ल्स एकाकी स्वावलंबी पुरुष नाही. पीक गेले की तो गिरणीत मजुरी करतो, शेजारी त्याचे धान्य आत घेतात, आजारात गाव धावून येते. माणूस माणसाच्या आधाराने जगतो, हे सत्य पुस्तकांपेक्षा मालिकेत अधिक स्पष्ट आहे. फक्त जमीन कोणाकडून आली आणि पीठ कोणी दिले, या दोन गोष्टींवर तेथे प्रकाश पडत नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात या विषयाला विनोदी वळण मिळाले. जॉन सेमूर यांच्या स्वयंपूर्ण जीवनावरील पुस्तकांचा तो काळ होता. ४ एप्रिल १९७५ पासून बी.बी.सी.ने ‘द गुड लाइफ’ ही मालिका दाखवली. टॉम गुड हा चाळिशीचा गृहस्थ नोकरी सोडतो आणि लंडनजवळच्या सर्बिटन उपनगरातील आपल्या बंगलीचे अंगण नांगरून, डुकरे व कोंबड्या पाळून पत्नीसह राहू लागतो. त्याच्या घरावर कर्ज उरलेले नव्हते आणि शेजारी सुखवस्तू स्नेही होते, ही गोष्ट लेखकांनी लपवली नाही. साधेपणा पत्करावयास आधी थोडी सुरक्षितता लागते, हे त्या विनोदाचे मर्म होते.

पुढे कथेच्या जागी प्रयोग आला. २००२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ‘फ्रंटियर हाउस’ हा कार्यक्रम दाखवला. तीन आधुनिक कुटुंबांनी मोंटाना राज्यात १८८३ सालच्या होमस्टेडवाल्यांप्रमाणे सुमारे पाच महिने राहून पाहिले. अखेरीस त्यांनी साठवलेले सरपण, वैरण व अन्न पाहून ही कुटुंबे हिवाळा काढू शकली असती काय, याचा निवाडा जाणकारांनी केला. प्रत्यक्ष हिवाळा येण्यापूर्वी मात्र सारे जण आपापल्या घरी गेले होते. २०१६ पासून डिस्कव्हरी वाहिनीवर आलेल्या ‘होमस्टेड रेस्क्यू’ या मालिकेचा तर विषयच अपयश हा आहे. रानावनात जाऊन अडचणीत आलेल्या कुटुंबांच्या मदतीला अलास्कातील एक अनुभवी कुटुंब जाते आणि विहीर, छप्पर, कुंपण उभे करून देते. ज्यांनी एकट्याने जगावयाचे ठरवले होते, त्यांना वाचवावयास दुसऱ्यांना यावे लागते, हे आता पडद्यावर उघडपणे सांगितले जाते. २०२५ साली नेटफ्लिक्सने ‘लिटल हाउस’च्या नव्या रूपांतराची घोषणा केली, यावरून या कथेची ओढ ओसरलेली नाही हेही दिसते.

ती ओढ समजण्याजोगी आहे. हाताने केलेली भाकरी, एका दिव्याभोवती बसलेले कुटुंब, संध्याकाळी वाजवलेले फिडल यांत खोटे काही नाही. चार्ल्स इंगल्स खरोखरच फिडल वाजवीत असत. त्यांचे कष्टही खरे होते. नाकारावे लागते ते एवढेच की, हे सारे त्यांनी कोणाचेही देणे न लागता केले. ओसेजांची जमीन, मिनेसोटाचे पीठ, डाकोटाने भरलेले मेरीचे शुल्क आणि शेजाऱ्यांचे हात यांवर ते छोटे घर उभे होते.

१९८४ च्या त्या शेवटच्या कथेत जमिनीवरून निघून जाण्याचे दुःख वॉलनट ग्रोव्हच्या गावकऱ्यांच्या वाट्याला आले आणि अमेरिकेतील घरोघरचे प्रेक्षक त्यांच्यासाठी हळहळले. ११४ वर्षांपूर्वी कॅन्ससमध्ये ओसेजांनी आपली गावे सोडली, तेव्हा त्याच माळावर तीन वर्षांची लॉरा आपल्या आईवडिलांसह राहत होती. ती हळहळ त्या निघून गेलेल्यांपर्यंत पोचली, तर पडद्यावरचे छोटे घर पाहिल्याचे सार्थक होईल.