मागच्या चाकांच्या मोटारी आणि त्यांचा तोल

पहिला पाऊस पडून गेल्यावर सायन-पनवेल मार्गावरून ज्यांनी मोटारीने प्रवास केला असेल, त्यांना आजचा विषय फार दूरचा वाटू नये. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, टायरांचा चुरा आणि धूळ यांवर पहिल्या सरी पडल्या की एक बुळबुळीत लेप तयार होतो, आणि मग भलेभले चालकही जपून हाकू लागतात.

ऐंशीच्या दशकात अशाच एका दिवशी मी टॅक्सीने वाशीचा खाडीपूल ओलांडून बेलापूरकडे येत होतो. वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला, चालकाने ब्रेक दाबला आणि गाडीचे शेपूट उजवीकडे निघाले. त्या गृहस्थाने ब्रेकवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंग उजवीकडेच फिरवले. गाडी दोनदा डुलली व सरळ झाली. "मामा, हे कसं साधलं?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, शेपूट जिकडं जाईल तिकडंच तोंड वळवायचं. उलटं केलं की गेलोच." पुढे जर्मनीत विद्वान इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे खपून जे यंत्र तयार केले, त्याचा अर्धा सिद्धांत या उत्तरात आलेला आहे. उरलेला अर्धा मात्र कोणत्याही माणसाच्या हातून होण्यासारखा नाही. तो का, हे पुढे येईल.

मोटारीचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, ही मांडणी 1891 च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर यांच्या कारखान्यात रूढ झाली. पुढच्या चाकांना वळायचे असते. वळत्या चाकांपर्यंत शक्ती पोहोचविणे त्या काळी कठीण होते, म्हणून ते काम मागच्यांकडे दिले. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जी फियाट, तीच नंतरची पद्मिनी, बाहेर पडली, तीही याच घराण्यातली. मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण 2023 च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी म्हणून निवृत्त होईपर्यंत टिकले. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांची ओढ सामान्य माणसाच्या दारात पोहोचली.

बैल गाडी पुढून ओढतो म्हणून ती सरळ चालते, मागून ढकलली तर भरकटते, असा दृष्टान्त पुष्कळ लोक देतात. तो सोयीचा आहे, पण खरे कारण ते नव्हे. खरे कारण टायरच्या पकडीत आहे. टायरपाशी घर्षणाची पुंजी ठराविक असते. तीतून गाडी पुढे रेटायची, तीतूनच ब्रेक लावायचा आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून आडवा जोरही तीतूनच द्यायचा. मागच्या चाकांच्या गाडीत वळणावर ॲक्सिलरेटर जोराने दाबला की मागच्या टायरांची पुंजी रेटण्यातच खर्च होते, आडव्या जोराला काही उरत नाही आणि शेपूट सुटते. घाबरून पाय एकदम उचलला, तर भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात, वर इंजिनाचा अडसर त्याच चाकांवर येतो. म्हणजे दोन्हीकडून संकटच. पुढच्या चाकांच्या गाडीत जोराने रेटले तर नाक बाहेर जाते. ते निस्तरणे सामान्य माणसाला तुलनेने सोपे पडते.

आकड्यात सांगायचे तर साठ मीटर त्रिज्येचे सपाट वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक 0.8 धरला तर ताशी सुमारे 78 किलोमीटरपर्यंत गाडी वळणात राहील. ओल्या रस्त्यावर तो 0.4 झाला की मर्यादा 55 वर येते. हा हिशेब निसर्गाचा आहे. त्यात कोणतेही यंत्र सूट मिळवून देत नाही.

यंत्राचा इतिहास टप्प्याटप्प्याने घडला. 1978 साली बॉश आणि मर्सिडीज यांनी चाक जाम होऊ न देणारा इलेक्ट्रॉनिक ब्रेक बाजारात आणला. पुढे, चाक जागच्या जागी फिरू लागले तर इंजिनाचा जोर कमी करण्याची युक्ती आली. 1989 साली स्वीडनच्या बर्फात मर्सिडीजचा एक इंजिनिअर गाडीसह खड्ड्यात गेला आणि मदतीची वाट पाहत असता त्याला सुचले की गाडी स्वतःभोवती किती फिरते हेच जर मोजता आले तर! बॉशमध्ये अँटन फान झान्टेन यांच्या मंडळींनी त्यावर काम केले आणि 1995 साली मर्सिडीजच्या मोठ्या कूपे गाडीत ही यंत्रणा आली. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीला मर्सिडीजची ई-वर्गातील गाडी तयार होऊ लागली. तीही मागच्या चाकांची. पण यंत्रणा तिच्यात नव्हती.

आता हे चालते कसे? स्टिअरिंगच्या दांड्यावरील संवेदक सांगतो की चालकाला कोठे जायचे आहे. प्रत्येक चाकापाशी वेगाचा मापक असतो. गाडीच्या पोटातील एक चिमुकला मापक ती उभ्या अक्षाभोवती किती झपाट्याने फिरते आहे हे सांगतो. त्यात एक बारीक वस्तू सतत कंप पावत असते आणि गाडी फिरली की तिच्यावर आडवी प्रेरणा येते. ही प्रेरणा फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी 1835 साली मांडली. संगणक सेकंदाला अनेकदा इच्छा आणि वस्तुस्थिती यांची तुलना करतो. डावे वळण घेताना शेपूट उजवीकडे सुटले, तर तो केवळ पुढचे उजवे चाक आवळतो, आणि गाडीची अतिरिक्त फिरकी मोडते. उलट नाक बाहेर जात असेल तर मागचे डावे चाक आवळतो. शिवाय मागच्या चाकांच्या गाडीत तो इंजिनाचा जोर खाली आणून त्या टायरांची पुंजी आडव्या जोराकरिता मोकळी करतो. आणि चालकाने पाय एकदम उचलल्यामुळे चाके अडत असतील, तर जोर किंचित वाढवितोसुद्धा. आपल्या टॅक्सीवाल्या मामांना स्टिअरिंग एक आणि ब्रेकचे पेडल एक. चारांपैकी एकच चाक निवडून आवळणे त्यांच्या हाती नव्हते.

अमेरिकेच्या सरकारी अंदाजानुसार या यंत्रणेने एकट्या गाडीचे अपघात मोटारींत 34 आणि उंच जीपवजा गाड्यांत 59 टक्क्यांनी घटावेत. तेथे ती नव्या हलक्या वाहनांना 2011 पासून सक्तीची झाली. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची तारांकने सुरू झाली. ज्यांना घाट रोज चढावे-उतरावे लागतात त्या भाड्याच्या गाड्यांपर्यंत ही वस्तू सर्वांच्या शेवटी पोहोचावी, हा क्रम मला उलटा वाटतो. श्रीमंताची गाडी दिवसातून तासभर चालते, भाड्याची बारा तास. आणि तिच्यात सात माणसे बसलेली असतात.

दरम्यान मागची चाके परत आली आहेत. महिंद्रांनी 2024 च्या नोव्हेंबरात दाखविलेल्या चाकणच्या विजेच्या गाड्यांत मोटर मागच्या धुरेवर आहे. विजेच्या मोटरचा जोर इंजिनापेक्षा पुष्कळच लवकर उठतो, म्हणून शेपूट सुटण्याची शक्यताही तितकीच चटकन येते. पण तोच जोर त्याच चपळाईने कमीही करता येतो, त्यामुळे संगणकाला येथे पूर्वीपेक्षा आज्ञाधारक चाकर मिळाला आहे.

ज्यांच्या गाडीत ही यंत्रणा आहे, त्यांनी समोरच्या पट्टीवर नागमोडी रेघा सोडणाऱ्या मोटारीचे पिवळे चित्र पाहिले असेल. कळंबोली सोडून द्रुतगती मार्गाला लागताना पावसात ते लुकलुकले तर गॅरेजात जाण्याचे कारण नाही. यंत्राला नुकतेच मध्ये पडावे लागले, एवढाच त्याचा अर्थ. ते सतत पेटून राहिले, तर मात्र यंत्रणा बंद पडली आहे किंवा कोणी बटण दाबून बंद केली आहे, आणि मग गाडी कुर्ल्याच्या पद्मिनीइतकीच तुमच्या हातावर अवलंबून आहे.