माळ आधीचा, कुऱ्हाड नंतरची

दौंड, फलटण, माण, कर्जत, सोलापूर या पट्ट्यातल्या उघड्या माळाबद्दल एक ठरलेली कथा सांगितली जाते. इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसाने ते तोडलं, उरलंसुरलं शेळ्यामेंढ्यांनी फस्त केलं आणि मागे राहिली ती ही उजाड जमीन. वनमहोत्सवाच्या प्रत्येक भाषणात ती हमखास येते. लोकांना ती पटकन पटते, कारण घाटमाथ्यावर आणि कोकणात ती बऱ्याच अंशी खरी आहे. घाट उतरून पूर्वेला आलं की मात्र तिला पुरावा मिळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून पस्तीसेक किलोमीटरवरच्या वाईला तो 1,000 च्याही आत येतो आणि माण-सांगोल्याकडे जेमतेम 500 वर टेकतो. ढग सह्याद्रीवर रिते होतात, पुढे जातो तो बहुतेक नुसता वारा. पडतो तो पाऊसही चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत. नंतरचे सात-आठ महिने कोरडे. खाली काळा कातळ, त्यावर वीतभर मुरूम. अशा जमिनीत गवताचं बरं चालतं: वरचं पातं वाळतं, मूळ जिवंत राहतं आणि वळवाच्या पहिल्या सरीला पुन्हा कोंब फुटतो. झाडाच्या रोपाला मात्र पहिलाच उन्हाळा काढायचा असतो. तो काढतात ती हिवर, बाभूळ, बोर, नेपती अशी बारीक पानांची, काटेरी, एकमेकांपासून अंतर राखून वाढणारी झाडं. आफ्रिकेतल्या सव्हानांचा एक मोठा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. वार्षिक पाऊस साधारण 650 मिलिमीटरच्या खाली असेल तर झाडांची दाटी पाण्यानेच रोखली जाते, त्यासाठी आग किंवा जनावरं लागत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. आफ्रिकेचा आकडा दख्खनला जसाच्या तसा लावता येणार नाही हे मान्य. पण माणदेश त्या रेषेच्या बराच खाली आहे.

हवामानाचा हिशेब आजचा झाला. पूर्वी काय होतं? चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली आहेत. ती सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांत माणसाने रेघा कोरलेलं कवचही आहे. शहामृग पळून जीव वाचवणारा पक्षी. दाट रानात तो टिकत नाही. यावर आक्षेप असा की तो हिमयुगाचा काळ, तेव्हा पाऊसच कमी होता, नंतर पाऊस वाढून जंगल आलं असेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर लोणारच्या सरोवरातल्या गाळात शोधावं लागतं. हिमयुगानंतर पावसाळा खरोखरच जोरकस झाला, असं तो गाळ सांगतो. पण सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी तो पुन्हा क्षीण झाल्याचंही त्याच गाळात दिसतं. त्या काळानंतर वसलेल्या घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 पासून दीड दशक केलं. इसवी सनपूर्व 1600 च्या सुमारास तिथे वस्ती झाली. ते लोक जव पिकवत, गुरं पाळत आणि शिकारही करत. शेवटच्या टप्प्यात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली. म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढता कोरडेपणा असं दिलं. सगळ्या पुरातत्त्वज्ञांना ते मान्य नाही. तरी एक गोष्ट उरतेच. ही माणसं दगडाची पाती आणि थोडंफार तांबं वापरणारी होती. लोखंडाची कुऱ्हाड रुळण्याआधी मूठभर वस्त्यांनी भीमेच्या खोऱ्यातलं अख्खं अरण्य आडवं केलं, असं मानणाऱ्याने ते कसं केलं हेही सांगायला हवं.

लिखित साहित्याची साक्षही याच बाजूने पडते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडे जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरा चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या रानटी झाडांचे उल्लेख गोळा केले; त्यांत माळावरच्या झाडांचेच उल्लेख जास्त निघाले. कवी झाडांची नावं सवयीने वापरतो, हा दोष त्या पुराव्यात आहेच. पण सवयीने वापरायचं तर आंबा, चंदन, कदंब हाताशी असताना कुणी मुद्दाम हिवराकडे का वळेल?

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा धनगरांच्या धंद्याचा आहे, आणि इतिहासकार त्याकडे क्वचितच त्या नजरेने बघतात. दख्खनी मेंढी काळ्या, भरड लोकरीची, कोरड्या हवेची. मुसळधार पावसात तिचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेच्या कमी पावसाच्या माळावर. दिवाळीनंतर तिथलं गवत सरलं की वाडा, म्हणजे कळपांसह कुटुंबांचा तांडा, पश्चिमेला निघतो, काही कळप घाट उतरून कोकणात भातखाचरांपर्यंत जातात. वाटेत शेतकरी रात्री कळप आपल्या रानात बसवून घेतो. चारी बाजूंनी जाळी लागते, मेंढ्या रात्रभर तिथेच, सकाळी शेतात लेंडीखत पडलेलं असतं आणि धनगराच्या पदरात धान्य. मृगाच्या आत परत फिरायचं. या धंद्याचं सगळं वेळापत्रक सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या पावसातल्या फरकावर बेतलेलं आहे. लोकर कातरायची, सणगराने तिची घोंगडी विणायची, हेही त्याच चक्रातलं. देवही याच वाटेने फिरले. वीरचा म्हस्कोबा परांड्याजवळच्या सोनारीहून भक्तामागे पश्चिमेला आला, अशी कथा आहे. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगरांची. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या आणि कथा वर्षानुवर्षं जमवल्या, त्यांत हा माळ पावलोपावली भेटतो. यावर कुणी म्हणेल, धनगरांच्या मेंढ्यांनीच जंगल खाल्लं आणि माळ झाला. चराईचा परिणाम होतो हे खरंच: अति चरलेल्या रानात पवन्या आणि मारवेल मागे पडतात, कुसळी माजते. पण तो एका गवताच्या जागी दुसरं गवत येण्याचा बदल आहे. शिवाय मेंढीचा एवढा मोठा धंदा उभा राहायला कुरण आधी लागतं. अरण्य खाऊन कुरण तयार होईपर्यंत तो कळप जगला कशावर?

मग उजाडपणाची कथा आली कुठून? बरीचशी दप्तरातून. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती इंग्रजी महसुलाच्या लेखी पडीक ठरली. 1864 साली वनखातं निघालं, त्याची नजर लाकडावर. 1878 च्या कायद्याने ते राखीव रानांचं मालक झालं. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने 1936 मध्ये हिंदुस्थानातल्या वनांचं वर्गीकरण केलं, तेव्हा बऱ्याचशा गवताळ मुलखाला बिघडलेलं जंगल हीच ओळख मिळाली. पुढच्या पिढ्यांनी ती तपासली नाही. माणसाने माळाला हात लावलाच नाही असं मुळीच नाही. 1876-78 च्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा कालवा वाहू लागला आणि बारामतीकडचा माळ हळूहळू उसाखाली गेला. म्हणजे माणसाची खूण इथे आहे, पण ती माळ घटण्यात आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याला ती सगळ्यात जास्त भोवली. सोलापूर-नगर भागात 1979 साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य त्याच्यासाठी जाहीर झालं, नंतर ते बाराशेच्या आसपास उरलं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. लांडगा आणि खोकड अजून तग धरून आहेत, तेही शेताच्या बांधाबांधाने.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सदिच्छेतून येतो: भूतकाळ काहीही असो, हवेतला कार्बन शोषायला आज झाडं लावणंच बरं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं ते अशाच सदिच्छेने, आणि त्याच्या सावलीत स्थानिक गवत हटत गेलं. गवत आपला बराच कार्बन जमिनीखाली मुळांत ठेवतं, तिथे वणव्याची धग सहसा पोचत नाही. 500 मिलिमीटरच्या मुलखात लावलेल्या रोपाला मात्र टँकरने पाणी घालावं लागतं, आणि टँकर बंद झाला की बहुतेक रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात. तरीही जंगल कुठे तोडलं की त्याची भरपाई म्हणून लावायची झाडं याच माळावर येतात, कारण दप्तरात तो अजून मोकळाच आहे. जिथे लागवड झाली तिथे भोवती तारेचं कुंपण पडतं आणि दिवाळीनंतर निघालेल्या वाड्याला वळसा घालून जावं लागतं.